सामाईक विहिरीचे दोन धनी : कतार आणि इराण

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

राष्ट्राची प्रगती त्याच्या ऊर्जासाधनांवर अवलंबून असते, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. पण हे साधन जमिनीखाली दोन राष्ट्रांच्या हद्दींत पसरलेले असेल, तर ते कोणाचे? ज्याच्या हद्दीत जेवढे आहे तेवढे त्याचे, की जो आधी उपसून नेईल त्याचे? आणि त्या दोघांच्या ओढाताणीत तिसऱ्या, म्हणजे विकत घेणाऱ्या देशाने काय करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार कतार आणि इराण या दोन वायुसंपन्न देशांच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. २०२५ सालापर्यंतच्या घटनाच येथे विचारात घेतल्या आहेत.

इराणच्या आखातातील या प्रश्नाचा नाशिकच्या विद्यार्थ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी घरातला आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडील शेतकरी कांद्याला, मक्याला, उसाला जो युरिया घालतो, तो नैसर्गिक वायूपासून तयार होतो. अलिबागजवळचा थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना वायूवरच चालतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास वायू परदेशातून आणतो, आणि २०२३–२४ साली द्रवरूपात आलेल्या वायूपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या कतारचा होता. युरियाच्या गोणीची किंमत सरकार बांधून देते, म्हणून वायू महागला तरी ते दुकानात लगेच कळत नाही. भार सरकारी तिजोरीवर पडतो. पण खताचा तुटवडा झाला म्हणजे दुकानासमोर पहाटेपासून रांग लागते, आणि त्या रांगेत आमचे वडील, चुलते उभे असतात. तेव्हा हा विषय दूरचा नाही.

साठा कोठे आणि केवढा

कतारच्या ईशान्येस समुद्रतळाखाली सुमारे तीन हजार मीटर खोलीवर चुनखडीच्या खडकात हा वायू साठलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर. त्यापैकी सुमारे ६,००० चौरस किलोमीटर कतारच्या हद्दीत आणि सुमारे ३,७०० इराणच्या हद्दीत येते. कतार आपल्या भागाला 'नॉर्थ फील्ड' म्हणतो, इराण आपल्या भागाला 'साउथ पार्स' म्हणतो. नावे दोन असली तरी साठा एकच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्यात सुमारे ५१ लाख कोटी घनमीटर वायू आहे. जगात याहून मोठा वायुसाठा अद्याप सापडलेला नाही.

आता या दोन धन्यांकडे पाहू. कतारचे क्षेत्रफळ सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. लोकसंख्या सुमारे तीस लाख, आणि त्यातही मूळ नागरिक थोडे. बाकी सारे कामासाठी आलेले परदेशी, ज्यांत भारतीय फार मोठ्या संख्येने आहेत. उलट इराण हा सुमारे नऊ कोटी लोकसंख्येचा, जुन्या संस्कृतीचा, शेती-उद्योग असलेला मोठा देश. वायुसाठ्यात जगात रशियाचा क्रमांक पहिला, इराणचा दुसरा आणि कतारचा तिसरा लागतो. आकाराने एवढे विषम असलेले हे दोन शेजारी एकाच साठ्याचे वाटेकरी आहेत.

सामाईक विहिरीचा न्याय

हे समजून घ्यायला आपल्याकडील विहिरीचे उदाहरण सोयीचे पडेल. भावाभावांत वाटण्या झाल्या तरी विहीर पुष्कळदा सामाईक राहते. सातबाऱ्यावर तिचे हिस्से लागतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. आमच्या घरी आजोबा व त्यांचे दोन भाऊ यांची विहीर अशीच सामाईक आहे. मोटेच्या काळात पाळीवरून फारशी भांडणे होत नसत, असे आजोबा सांगत. कारण बैल थकले की उपसा आपोआप थांबे. पुढे विजेची मोटार आली. ज्या घराने आधी मोटार बसवली, त्याला पाणी अधिक मिळू लागले आणि दुसऱ्यांच्या पाळीला तळ दिसू लागला. हिस्से कागदावर सारखे होते, पण मोटार सारखी नव्हती. शेवटी गावातील चार जाणत्यांना बसवून पाळीचे तास नव्याने बांधावे लागले.

वायूचेही असेच आहे, किंबहुना अधिक बिकट आहे. खडकातील वायूवर मोठा दाब असतो. एका बाजूने उपसा जास्त झाला की त्या बाजूचा दाब कमी होतो, आणि दुसऱ्या बाजूचा वायू हळूहळू तिकडे सरकू लागतो. त्याला हद्द कळत नाही. म्हणून मागे राहणाऱ्याचे नुकसान दुहेरी असते : आपण उपसला नाही तो वायू आपल्याजवळ राहीलच, याची खात्री नसते. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेच्या चालीवर बोलायचे तर येथे 'उपसेल त्याचा वायू' असा न्याय चालू होतो.

याला उपाय नाही असे नाही. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात मोसम, आरम या नद्यांवर, तसेच धुळ्याकडे पांझरेवर, फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालील जमिनीचे फड, आणि एका फडात सर्वांचे एकच पीक. पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्याकडे नसून सर्वांनी नेमलेल्या पाटकऱ्याकडे असते. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्र सर्वांच्या संमतीने कमी केले जाते. ज्याचे शेत शेवटी आहे, त्यालाही पाणी पोचते. या व्यवस्थेत महत्त्वाची गोष्ट बांध नसून पाटकरी आहे. हद्द कोठे संपते हे बांध सांगतो. कोणी किती घ्यावे हे पाटकरी ठरवतो.

कतार आणि इराण यांच्यामध्ये बांध आहे, पाटकरी मात्र नाही. त्यांच्या स्पर्धेचे मूळ मला यातच दिसते.

१९६९ चा बांध

या दोन देशांत समुद्रातील हद्दीचा करार २० सप्टेंबर १९६९ रोजी झाला आणि १९७० साली अमलात आला. त्या वेळी कतार अद्याप ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. तो १९७१ साली स्वतंत्र झाला. आणि वायूचा हा साठाही शेल कंपनीला १९७१ सालीच सापडला. म्हणजे विहीर लागायच्या आधीच बांध घातला गेला होता! साठा सापडल्यावर हद्द ठरवायची वेळ आली असती, तर ती इतक्या सहज ठरली असती का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

या करारात एक दूरदृष्टीचे कलम आहे. तेल वा वायूचा एखादा साठा हद्दीच्या दोन्ही बाजूंस पसरलेला आढळला, तर परस्पर संमतीवाचून हद्दीपासून १२५ मीटरच्या आत कोणी विहीर खणू नये, आणि उपशाचा मेळ घालण्यासाठी दोन्ही सरकारांनी प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. १२५ मीटरचा नियम हा बांधाचा नियम झाला. मेळ घालण्याचा प्रयत्न हा पाटकरी नेमण्याचा मार्ग होता. पहिला उपयोगात आला, दुसरा कागदावरच राहिला. संपूर्ण साठा एक समजून त्याचा एकत्रित उपसा करावा आणि उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावे, अशी व्यवस्था जगात काही ठिकाणी आहे. उत्तर समुद्रातील फ्रिग वायुसाठ्याबाबत ब्रिटन आणि नॉर्वे यांनी १९७६ साली तसा करार केला होता. आखातात ते घडले नाही.

कतारची वाट

१९७१ साली वायू सापडला, तेव्हा कतारला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. त्या काळी सर्वांना हवे होते ते तेल. वायू पिंपात भरून नेता येत नाही. त्याला नळ लागतो आणि नळाच्या टोकाला गिऱ्हाईक लागते. नळावाचून न्यायचा तर तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. तसा केला की त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते, आणि खास बांधणीच्या जहाजातून तो समुद्रापार नेता येतो. पण असा कारखाना उभारणे प्रचंड खर्चाचे असते, आणि वीस-पंचवीस वर्षे माल घेण्याचे वचन देणारे गिऱ्हाईक असल्याशिवाय त्यासाठी कर्ज मिळत नाही.

कतारने १९८४ साली कतारगॅस ही कंपनी स्थापन केली. नॉर्थ फील्डचा उपसा १९९१ साली देशातील वापरासाठी सुरू झाला. १९९२ साली जपानच्या चुबू इलेक्ट्रिक कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार झाला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये द्रवरूप वायूचे पहिले जहाज जपानकडे निघाले. पुढे अमेरिकन, फ्रेंच, जपानी कंपन्यांना भागीदार करून घेत २०१० सालाच्या अखेरीस कतारने दरसाल ७ कोटी ७० लाख टनांची क्षमता गाठली. घरी खाणारी तोंडे थोडी, त्यामुळे जवळजवळ सारा माल बाजारात. शिवाय वायूबरोबर वर येणारे हलके तेलही विकले जाते, त्याचे उत्पन्न वेगळेच. नाशिक जिल्ह्याहून लहान असलेला देश अशा रीतीने जगातील सर्वांत मोठ्या वायुविक्रेत्यांच्या पंक्तीला जाऊन बसला.

इराणची वाट

इराणची वाट वेगळी आणि खडतर होती. १९७९ साली क्रांती झाली. १९८० ते १९८८ इराकशी युद्ध झाले. कतार कंपन्यांशी बोलणी करीत होता, त्या काळात इराण माणसे पुरत होता. साउथ पार्सचा शोध इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीला १९९० साली लागला. १९९६ साली अमेरिकेने इराणच्या तेल-वायू उद्योगात पैसा घालणाऱ्या परदेशी कंपन्यांवर निर्बंध लादणारा कायदा केला. तरीही १९९७ साली फ्रान्सच्या टोटाल कंपनीने रशिया व मलेशियाच्या कंपन्यांसह करार केला, आणि २००२ च्या सुमारास साउथ पार्समधून वायू येऊ लागला. कतारहून हा सुमारे दहा-अकरा वर्षांचा उशीर होता. एक मोटार आधी बसली होती, दुसरी आता बसत होती.

पुढेही हा खेळ थांबला नाही. २०१५ साली अणुकरार झाला, म्हणून २०१७ साली टोटालने साउथ पार्सच्या अकराव्या टप्प्याचे काम घेतले. २०१८ साली अमेरिका करारातून बाहेर पडताच टोटाल निघून गेली. तिच्यामागून चिनी कंपनीही गेली. शेवटी इराणच्याच पेट्रोपार्स कंपनीने त्या टप्प्यातून २०२३ साली वायू काढला. परकीयांच्या मदतीवाचून हे साधणे लहान गोष्ट नव्हे. परंतु वायू द्रवरूप करण्याचे तंत्र मोजक्याच परदेशी कंपन्यांच्या हाती असल्याने तोंबाक येथील इराणचा तसा कारखाना वर्षानुवर्षे अपुरा राहिला. त्यामुळे इराणचा वायू नळाने जाईल तेथवरच गेला : २००१ पासून तुर्कस्तानात, २०१७ पासून इराकमध्ये.

दुसरे कारण घरातले आहे. इराणमध्ये वायू अतिशय स्वस्त दराने मिळतो. घरे उबदार ठेवायला, वीज करायला, कारखाने चालवायला तोच लागतो. देश वायूच्या वापरात जगातील पहिल्या पाचांत मोडतो, आणि त्याच्या उत्पादनापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा एकट्या साउथ पार्सचा आहे. २०२४ च्या हिवाळ्यात तर तुटवड्यामुळे सरकारी कचेऱ्या व शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. जगातील दुसऱ्या क्रमांकाचा वायुसाठा असलेल्या देशात ही स्थिती! साठा असणे आणि संपत्ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

स्पर्धा आणि सहकार्य

एवढी विषम स्पर्धा असूनही २०२५ पर्यंत या साठ्यावरून दोन्ही देशांत लढाई जुंपली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. इराणच्या संसदेत आणि वर्तमानपत्रांत 'शेजारी आपला वायू ओढतो' अशी तक्रार वेळोवेळी झाली. पण सरकारांनी सलोखा सोडला नाही. याची कारणे शोधली तर तीन दिसतात.

पहिले, कतारने २००५ साली नॉर्थ फील्डवर नवे प्रकल्प घेण्यास स्वतःहून स्थगिती दिली. साठ्याचा अभ्यास करावयाचा आहे, असे कारण दिले होते. ही स्थगिती एप्रिल २०१७ पर्यंत टिकली. हेतू काहीही असो, या बारा वर्षांत इराणला मागून येऊन गाठण्यास अवधी मिळाला. स्थगिती उठताच कतारने वाढीची मोठी योजना जाहीर केली. २०२४ सालच्या घोषणेनुसार २०३० पर्यंत दरसाल १४ कोटी २० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले.

दुसरे, अडचणीच्या वेळी दोघे एकमेकांना उपयोगी पडले. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन व इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडून त्याची नाकेबंदी केली. त्या वेळी कतारच्या विमानांना इराणने आपले आकाश मोकळे केले आणि अन्नधान्य पाठवले. ही नाकेबंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली. विशेष म्हणजे इराणशी संबंध कमी करा, हीच त्या देशांची कतारकडे एक मागणी होती.

तिसरे, वाटही सामाईक आहे. कतारचे प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडते, आणि तिच्या उत्तरेस इराण आहे. २०२४ साली जगातील द्रवरूप वायूच्या व्यापारापैकी सुमारे पाचवा हिस्सा याच वाटेने गेला. शेताला जाणारी पायवाट ज्याच्या बांधावरून जाते, त्याच्याशी वैर धरून चालत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही.

याशिवाय वायू निर्यात करणाऱ्या देशांचे एक व्यासपीठ आहे. त्याची पहिली बैठक २००१ साली तेहरानमध्ये भरली, २००८ साली मॉस्कोत त्याची घटना मंजूर झाली आणि कचेरी कतारची राजधानी दोहा येथे आली. दोन्ही देश त्याचे सभासद आहेत. परंतु तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना उत्पादनाचे जसे हिस्से ठरवते, तसे हे व्यासपीठ ठरवत नाही. तेथे चर्चा होते, आकडेवारी निघते. त्याला गावची चावडी म्हणता येईल, पाटकरी म्हणता येणार नाही.

आणि चावडीवरच्या सलोख्याला मर्यादा असतात. १४ जून २०२५ रोजी इस्रायलने साउथ पार्सच्या किनाऱ्यावरील प्रकल्पावर हल्ला केला. तेथे आग लागून काही उत्पादन थांबले. २३ जून रोजी इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकेच्या हवाई तळावर क्षेपणास्त्रे सोडली. भांडण वायूचे नव्हते, पण एकाच साठ्याचे दोन्ही किनारे दहा दिवसांच्या आत आगीच्या टप्प्यात आले.

निसर्गही आता दोघांना एकच गोष्ट सांगू लागला आहे. साठ्याचा दाब घटत चालल्याने दोन्ही देशांना समुद्रात मोठे कॉम्प्रेसर बसवण्याच्या योजना आखाव्या लागल्या आहेत. विहिरीचे पाणी खाली गेले की दोन्ही भावांना जास्त हॉर्सपॉवरची मोटार घ्यावी लागते, आणि खर्च दोघांचाही वाढतो, तसाच हा प्रकार आहे.

गिऱ्हाइकाच्या दारातील स्पर्धा

आता आपल्या देशाकडे वळू. या दोन्ही विक्रेत्यांची भारताच्या दारातही स्पर्धा झाली, आणि तिचा निकाल बोलका आहे.

कतारशी भारताच्या पेट्रोनेट कंपनीने १९९९ साली करार केला : दरसाल ७५ लाख टन, पंचवीस वर्षे. २००४ साली गुजरातमधील दहेज बंदरात पहिले जहाज लागले. इराणशी भारताने दोन मार्गांनी बोलणी केली. एक पाकिस्तानमार्गे सुमारे २,७०० किलोमीटरच्या नळाची. दर, वाहतुकीचे शुल्क आणि सुरक्षितता यांवर ती अडली व २००८ नंतर भारत हळूहळू बाजूला झाला. दुसरा मार्ग जहाजाचा : २००५ साली दरसाल ५० लाख टन द्रवरूप वायूचा करार झाला, पण दराचा वाद निघाला आणि इराणचा कारखानाही उभा राहिला नाही. याखेरीज भारतीय कंपन्यांनी २००८ साली इराणच्या फारसी क्षेत्रात फर्झाद-बी हा निराळा वायुसाठा शोधून काढला. दीर्घ वाटाघाटीनंतर २०२१ साली इराणने त्याचे काम पेट्रोपार्सला दिले. म्हणजे एकाच खडकातील वायू एका किनाऱ्यावरून आपल्याकडे आला आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून येऊ शकला नाही.

मग कतारशी आपला व्यवहार सदैव सुखाचा होता का? तसेही नाही. २०१५ साली तेलाचे भाव कोसळले, पण करारातील सूत्र जुन्या सरासरीवर आधारलेले असल्याने कराराचा वायू बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट पडू लागला. पेट्रोनेटने ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. 'उचला अथवा पैसे भरा' या कलमाप्रमाणे सुमारे १२,००० कोटी रुपयांचा दंड लागला असता. डिसेंबर २०१५ मध्ये कतारने तो सोडून दिला आणि सूत्र बदलून दर जवळजवळ निम्म्यावर आणला. हे केवळ औदार्य नव्हते. ऑस्ट्रेलियाचा माल बाजारात वाढत होता आणि अमेरिकेचा येऊ घातला होता. दुसरे दुकान उघडले की पहिल्या दुकानदाराच्या बोलण्यात फरक पडतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात हाच करार २०२८ पासून पुढे वीस वर्षांसाठी वाढवण्यात आला.

दाभोळचा धडा

महाराष्ट्राने हा धडा त्यापूर्वीच, आणि फार महागात, गिरवला आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा करार एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने १९९३ साली झाला. १९९५ साली राज्य सरकारने तो रद्द केला आणि १९९६ साली नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. पहिला टप्पा १९९९ साली नाफ्थ्यावर सुरू झाला. पुढील टप्प्यासाठी ओमानकडून दरसाल १६ लाख टन आणि अबुधाबीकडून ५ लाख टन द्रवरूप वायू घेण्याचे करार झाले होते. म्हणजे येथेही आखातातील दोन विक्रेते होते. पण वीज इतकी महाग पडली की २००१ साली राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले, त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले, आणि त्या करारांचा वायू दाभोळला आलाच नाही. २००५ साली सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला. वायू उतरवण्याचा धक्का २०१३ साली सुरू झाला. तोही लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे पुढे बरीच वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावा लागे.

यात ओमानचा किंवा अबुधाबीचा दोष काढता येणार नाही. त्यांचा माल तयार होता. दोष होता तो गिऱ्हाइकाने आपली ऐपत न पाहता केलेल्या कराराचा. विक्रेते दोन असले म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदा होतो, हे अर्थशास्त्रातील तत्त्व खरे आहे. पण वीस वर्षांच्या कागदावर एकदा अंगठा उठला की विक्रेते किती आहेत याला फारसा अर्थ उरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील.

सामाईक साधनाच्या बाबतीत हद्द ठरवणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. १९६९ च्या कराराने कतार-इराणमधील जमिनीचे, किंवा समुद्राचे म्हणा, भांडण मिटवले. उपशाचे प्रमाण मात्र ठरवले नाही. ते भांडवल, तंत्र आणि राजकारण यांनी ठरवले. ज्याला शांतता, भागीदार आणि गिऱ्हाईक मिळाले तो पुढे गेला. ज्याच्या वाट्याला क्रांती, युद्ध आणि निर्बंध आले तो मागे राहिला. सहकार्य झाले ते भांडण टाळण्यापुरते. उत्पन्न वाटून घेण्यापर्यंत ते पोचले नाही.

भारतासारख्या गिऱ्हाइकाने याचा अर्थ नीट लावला पाहिजे. एका विक्रेत्यावर किंवा एका सामुद्रधुनीवर सारा भार टाकू नये. करार दीर्घ मुदतीचा असावा, पण भाव बदलले तर पुन्हा बोलता येईल असे कलम त्यात असावे. घरचा वायू, शेणाचा व कचऱ्याचा वायू, सूर्य आणि वारा ही आपल्या हातची साधने वाढवावीत. कारण आपल्याजवळ दुसरी सोय आहे हे विक्रेत्याला ठाऊक असले, तरच तो आपले ऐकून घेतो.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? आमच्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. करार, हद्द, दर हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांना तलाठ्याच्या कचेरीत आणि बाजार समितीच्या आवारात भेटत आले; त्यांचा अर्थ समजावून सांगणारा कोणी जवळ नव्हता म्हणून अनेकदा नुकसानही सोसावे लागले. राष्ट्राराष्ट्रांच्या कागदांतही तेच शब्द असतात, फक्त आकडे मोठे असतात. ते कागद वाचता येणारी माणसे खेड्यापाड्यांतून तयार झाली, तर पुढचे दाभोळ होताना निदान प्रश्न तरी वेळेवर विचारले जातील.